खोडदच्या थाळ्या ते मेट्रोचा बोगदा: काचेतून वाहणारा रेडिओ

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावातून पूर्वेला खोडदच्या वाटेला लागले की टोमॅटोची शेते आणि द्राक्षबागा यांच्या पलीकडे तारेच्या जाळीच्या अवाढव्य थाळ्या दिसू लागतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही दुर्बीण अशा ३० थाळ्यांची आहे. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या परिसरात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या ओळींत लांबवर गेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पडते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहकाऱ्यांबरोबर ही दुर्बीण उभी केली. शाळांच्या सहली येतात, थाळ्यांसमोर फोटो निघतात. या ३० थाळ्यांची मिळून एक दुर्बीण ज्या गोष्टीमुळे होते ती मात्र कोणाच्या फोटोत येत नाही, कारण ती जमिनीखाली पुरलेली आहे: केसाएवढ्या जाडीचा काचेचा धागा, ऑप्टिकल फायबर.

थाळीने आकाशातून टिपलेला रेडिओ संकेत इतका क्षीण असतो की तो आधी थाळीवरच वाढवून घ्यावा लागतो. मग तो मध्यवर्ती इमारतीत आणायचा. तिथे सगळ्या थाळ्यांचे संकेत दोन-दोन करून एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि त्या तुलनेतून आकाशाचे चित्र तयार होते. ही तुलना जमायची तर लहरीचे चढ-उतार जसेच्या तसे पोहोचायला हवेत. बेरीज-वजाबाकी करून काढलेला सारांश चालत नाही. जीएमआरटीच्या मूळ रचनेत थाळीचा संकेत १३० आणि १७५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यांवर आणून लेसरच्या प्रकाशावर बसवला जाई आणि फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येई. २०१० च्या दशकात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि एका वेळी पाहता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. तेव्हा वेगवेगळ्या तरंगलांबीच्या लेसरांवर एकाच धाग्यातून अनेक संकेत नेण्याची पद्धत आणली गेली. आता आकाशातून आलेली रेडिओ लहर जवळपास आहे त्याच रूपात प्रकाशावर स्वार होऊन येते.

थाळीपाशीच संकेताचे आकडे करून ते का पाठवले नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. एक कारण थेट खगोलशास्त्राचे आहे. आकडे करणारी यंत्रणा स्वतः रेडिओ गोंगाट करते, आणि आकाशगंगेची कुजबुज ऐकायला बसलेल्या कानाजवळ असला गोंगाट नको असतो. काच विजेची वाहक नाही, बाहेरची रेडिओ लहर तिच्यात शिरत नाही आणि आतली बाहेर गळत नाही. थाळीवर वीज पडली तरी तो धक्का काचेच्या धाग्यातून पुढे जात नाही.

तंत्रज्ञ या पद्धतीला ‘रेडिओ ओव्हर फायबर’ म्हणतात. नेहमीच्या इंटरनेट फायबरपेक्षा ती वेगळी कशी, हे आधी स्पष्ट केलेले बरे. घरात येणाऱ्या ब्रॉडबँडच्या धाग्यातून शून्य आणि एक धावतात, म्हणजे प्रकाशाची उघडझाप चालते. इथे तशी उघडझाप नसते. लेसर डायोडला एक स्थिर विद्युतप्रवाह देऊन तो कायम पेटता ठेवतात आणि त्या प्रवाहावर रेडिओ संकेताचा प्रवाह चढवतात. संकेत वर गेला की प्रकाश किंचित तेज होतो, खाली आला की किंचित मंद. सेकंदाला ९० कोटी वेळा थरथरणारी लहर असेल तर प्रकाशही तितक्याच वेळा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाला फोटोडायोड या थरथरीचा पुन्हा विद्युतप्रवाह करतो. तो वाढवून अँटेनाला दिला की झाले. मधल्या वीस किलोमीटरमध्ये ना कोणी तो संकेत उलगडला, ना वाचला.

इतका खटाटोप कशासाठी, हे नेहमीच्या तांब्याच्या केबलचे आकडे पाहिले की कळते. मोबाइल टॉवरवर वापरली जाणारी जाड, पाऊण-एक इंच व्यासाची कोअॅक्सियल केबल २ गिगाहर्ट्झच्या संकेतातले दर १०० मीटरला सुमारे ६ डेसिबल खाऊन टाकते. ६ डेसिबल म्हणजे चारातला एकच भाग उरला. दोनशे मीटरवर सोळावा हिस्सा, तीनशे मीटरवर चौसष्टावा. किलोमीटरभर जायचे म्हटले तर संकेताचा मागमूस राहत नाही. उलट चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट दर किलोमीटरला अवघी ०.२ डेसिबल असते. यात एक खोच आहे. फोटोडायोडमधला प्रवाह प्रकाशाच्या शक्तीच्या प्रमाणात असतो आणि रेडिओ शक्ती त्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे प्रकाशात १ डेसिबल घट झाली की रेडिओ संकेतात २ डेसिबल घट मोजावी लागते. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची पुन्हा वीज करतानाही बरेच काही गमवावे लागते. ते नुकसान वेगळे ठेवले तर २० किलोमीटरच्या नुसत्या धाग्यातली घट रेडिओच्या हिशेबाने ८ डेसिबल भरते. तांब्याला तेवढ्या घटीत दीडशे मीटरही गाठता येत नाहीत. आणखी एक फरक असा, की तांब्यात वारंवारता वाढली की घटही वाढत जाते. फायबरला ९०० मेगाहर्ट्झ काय नि ३५०० मेगाहर्ट्झ काय, दोन्ही सारखेच.

काच इतकी निर्मळ असू शकते यावर पूर्वी कोणाचा विश्वास नव्हता. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले, पण ते थोड्या अंतरापुरते. दूरसंचारासाठी त्या काळची काच निरुपयोगी होती, तिच्यात किलोमीटरला १००० डेसिबलच्या घरात घट होई. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, आणि घट किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणता आली तर टेलिफोनसाठी काच वापरता येईल. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १७ डेसिबलचा धागा करून दाखवला. काव यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

या काचेतून रेडिओ संकेत सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर वाहिला तो मोबाइलसाठी नाही, केबल टीव्हीसाठी. ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत थोडक्यात उरकली जाते, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीने ती अनुभवली आहे. नव्वदच्या दशकातला केबलवाला आठवा. त्याच्या हेडएंडमधून, म्हणजे सगळ्या वाहिन्या एकत्र करणाऱ्या खोलीतून, निघालेली काळी केबल गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून जाई आणि थोड्या-थोड्या अंतरावर डब्यात बसवलेला अॅम्प्लिफायर लागे. प्रत्येक अॅम्प्लिफायर संकेताबरोबर गोंगाटही वाढवी. त्यामुळे हेडएंडजवळच्या घरात चित्र लख्ख असे आणि ओळीच्या शेवटच्या घरात टीव्हीवर मुंग्या. मधला एखादा अॅम्प्लिफायर बंद पडला की पुढची अर्धी आळी अंधारात. पुढे हेडएंडपासून भागाभागातल्या नोडपर्यंत फायबर आले, मुंग्या कमी झाल्या. त्या फायबरमध्ये ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झचा अख्खा पट्टा, सगळ्या वाहिन्यांसकट, एकाच लेसरवर चढलेला असे. केबलवाल्याने कधी हे नाव घेतले नसेल, पण तो वर्षानुवर्षे रेडिओ ओव्हर फायबरच चालवत होता.

याच धंद्यातली एक खूण अजून घराघरांत सापडते. फायबर जोडणीच्या काही पॅचकॉर्डचे प्लॅस्टिकचे तोंड निळे असते, काहींचे हिरवे. निळ्यात काचेचे टोक सरळ घासलेले असते, हिरव्यात ८ अंशांनी तिरके. सरळ टोकावरून थोडासा प्रकाश परावर्तित होऊन आला त्याच वाटेने लेसरकडे परततो. शून्य-एकच्या उघडझापीला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. पण तेजाच्या सूक्ष्म थरथरीवर सगळा संकेत बेतलेला असेल तर हा परतलेला प्रकाश लेसरला अस्थिर करतो आणि संकेतात गोंगाट मिसळतो. तिरके टोक तो परावर्तित प्रकाश धाग्याबाहेर फेकते. म्हणून रेडिओ संकेत वाहणाऱ्या जोडण्या नेहमी हिरव्या. निळे तोंड हिरव्यात खुपसले तर दोन टोके नीट टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते आणि संकेत ढासळतो. दुरुस्तीला आलेला मुलगा पिशवीत दोन्ही रंगांच्या कॉर्ड वागवतो तो याचसाठी.

मोबाइलकडे ही कल्पना वळली ती १९९० मध्ये. ब्रिटिश टेलिकॉमच्या ए. जे. कूपर यांनी एका संशोधन लेखात दाखवले की कॉर्डलेस आणि मोबाइल फोनचे रेडिओ संकेत फायबरमधून दूरच्या अँटेनांपर्यंत नेता येतात. अँटेनापाशी लेसर, फोटोडायोड आणि अॅम्प्लिफायर एवढेच ठेवायचे, खर्चीक आणि किचकट यंत्रणा एका जागी. हीच गोष्ट पुढच्या सगळ्या खटपटीचा गाभा आहे: टोकाला साधेपणा, मध्यावर शहाणपण.

साधे टोक कुठे हवे असते? जिथे अँटेना पुष्कळ लागतात आणि जागा नसते तिथे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये क्रीडानगरीत फायबरने जोडलेल्या शेकडो छोट्या अँटेनांचे जाळे पसरले होते आणि एकाहून अधिक मोबाइल कंपन्या तेच जाळे वापरत होत्या. क्रीडांगणाची अडचण अशी, की लाखभर माणसे काही तास एकवटतात, सगळी एकाच वेळी फोन काढतात आणि मग महिनाभर तिकडे कोणी फिरकत नाही. प्रत्येक कंपनीने प्रत्येक कोपऱ्यात आपले संपूर्ण यंत्र बसवायचे म्हटले तर हिशेब जुळणे अवघड.

भुयारी मेट्रोची अडचण याहून कठीण. रेडिओ लहर जमिनीच्या पोटात शिरत नाही, काँक्रीट आणि पोलाद तिला अडवतात. मुंबईची मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटर धावते. तिची २७ स्थानके आहेत आणि एक वगळता सगळी जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. खाली उतरताच फोनचे नेटवर्क जाते ही तक्रार प्रवाशांनी केली, वर्तमानपत्रांत तिच्या बातम्याही झाल्या. अशा ठिकाणी जे करतात त्याला टेलिकॉमची माणसे ‘आयबीएस’ म्हणतात, म्हणजे इमारतीच्या आतली व्यवस्था. एका खोलीत सर्व कंपन्यांची बेस स्टेशने येतात, त्यांचे संकेत एकत्र केले जातात, त्यांचा प्रकाश होतो आणि फायबर तो फलाटांवरच्या, जिन्यांवरच्या, बोगद्यातल्या, प्रकाशाचा पुन्हा रेडिओ संकेत करणाऱ्या रिमोट युनिटपर्यंत नेते. बोगद्यात तिथून पुढे एक विशेष केबल भिंतीला लावलेली असते. तिच्या बाहेरच्या कवचाला मुद्दाम ठराविक अंतरावर खाचा पाडलेल्या असतात आणि त्या खाचांतून रेडिओ लहर थोडी-थोडी गळत राहते. तंत्रज्ञांच्या बोलीत ही लीकी केबल. गाडी धावत असताना तिच्या खिडकीपासून हातभर अंतरावर ही गळती चाललेली असते. यात तंत्राचा प्रश्न सुटलेला आहे. खोली कोणाची, भाडे किती, एकच व्यवस्था सगळ्या कंपन्यांनी वापरायची की नाही, हे प्रश्न लेसर सोडवू शकत नाही.

उघड्यावरच्या टॉवरची कथा थोडी वेगळी आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या टॉवरच्या पायथ्याशी एक वातानुकूलित शेल्टर असे, त्यात बेस स्टेशनची कपाटे. तिथून मनगटाएवढ्या काळ्या केबलींचा जुडगा टॉवरच्या अंगावरून अँटेनापर्यंत चढे. ४० मीटर चढताना, वरखालचे जम्पर आणि कनेक्टर धरून, ३ डेसिबलच्या आसपास घट होई. म्हणजे यंत्राने निर्माण केलेली निम्मी शक्ती केबल तापवण्यात जाई. भारनियमनाच्या काळात डिझेल जाळून तयार केलेली ती वीज होती. आता बहुतेक टॉवरांवर रेडिओचा भाग अँटेनाच्या पाठीशीच, वर बसवलेला दिसतो. त्याला आरआरयू म्हणतात. खालून वर जातात ती विजेची केबल आणि एक बारीक फायबर.

या फायबरमधून मात्र थरथरता प्रकाश जात नाही, आकडे जातात. २००३ मध्ये एरिक्सन, हुआवेई, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स या कंपन्यांनी सीपीआरआय नावाचा सामाईक करार केला. त्यात रेडिओ लहरीचे सेकंदाला कोट्यवधी नमुने घेऊन, प्रत्येक नमुन्याचा आकडा करून तो पाठवायचा ठरला. आकड्यांचा फायदा उघड आहे. वाटेत गोंगाट मिसळला तरी शून्य ते शून्य आणि एक तो एक. तोटा मात्र सुरुवातीला कोणाच्या फारसा डोळ्यांत भरला नाही. फोर-जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर सेकंदाला ३ कोटी ७ लाख २० हजार नमुने लागतात. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग, प्रत्येक भागाला १५ बिट, वर नियंत्रणाचा आणि संकेतबंधाचा अधिभार. एका अँटेनाला १.२३ गिगाबिट, दोन अँटेनांना २.४६ गिगाबिट. त्याच टॉवरवरून त्याच पट्ट्यात दोन अँटेनांनी ग्राहकांना मिळणारा जास्तीत जास्त वेग असतो १५० मेगाबिट. सोळापट आकडे वाहायचे ते एकपट माहितीसाठी. पत्रातला मजकूर कळवायचा सोडून त्या कागदाचा प्रत्येक धागा दिसेल असा फोटो पाठवण्यातला हा प्रकार. शिवाय मध्यरात्री त्या टॉवरवर एकही फोन बोलत नसला तरी हा प्रवाह तसाच चालू राहतो, कारण मोकळ्या हवेचेही नमुने घ्यावेच लागतात.

तरीही ही उधळपट्टी परवडत होती, कारण तिच्यातून एक मोठी सोय निघाली. रेडिओ वर आणि बाकीचे यंत्र खाली, मध्ये फायबर, असे एकदा झाले की खालचे यंत्र टॉवरच्या पायथ्याशीच असण्याचे कारण उरत नाही. ते पाच-दहा किलोमीटरवरच्या एका इमारतीत नेता येते, अनेक टॉवरांची यंत्रे एकाच खोलीत ठेवता येतात. चायना मोबाइलच्या संशोधन संस्थेने २०१०-११ मध्ये ही कल्पना ‘सी-रॅन’ या नावाने जोरात मांडली. टॉवरागणिक वातानुकूलन नको, टॉवरागणिक जागा नको. आणि माणसांच्या दिनक्रमाचा फायदा घेता येतो तो वेगळाच. दुपारी बारा वाजता वांद्रे-कुर्ला संकुलात फोनची झुंबड असते आणि डोंबिवलीत शुकशुकाट. रात्री नऊ वाजता नेमके उलट. दोन्हीकडच्या टॉवरांचे गणित एकाच ठिकाणी होत असेल तर तीच यंत्रे दिवसा एकीकडे आणि रात्री दुसरीकडे वापरता येतात.

पण हे ठिकाण कितीही लांब नेता येत नाही. प्रकाश काचेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. फोर-जीच्या नियमांत फोनने पाठवलेला तुकडा नीट मिळाला की नाही याचे उत्तर ठराविक मिलिसेकंदांत द्यावेच लागते. त्यातला बहुतेक वेळ गणितातच जातो. प्रवासाला जे काही उरते त्यात एका दिशेचे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे २० किलोमीटर, हीच व्यवहारातली मर्यादा मानतात. डोंबिवली ते वांद्रे-कुर्ला संकुल हे अंतर या मर्यादेच्याही बाहेर आहे, मधल्या एखाद्या ठिकाणी खोली शोधावी लागेल. इथे लेसर सुधारून काही उपयोग नाही. काचेतला प्रकाशाचा वेग कोणत्याही कंपनीच्या हातात नाही.

फाइव्ह-जी आल्यावर सोळापटीचे गणित हाताबाहेर गेले. १०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि एका पॅनेलमध्ये ६४ अँटेना, असा जुन्या पद्धतीने हिशेब केला तर अधिभार न धरताही सेकंदाला सुमारे २३६ गिगाबिट होतात, एका पॅनेलला. टॉवरवर अशी तीन पॅनेले असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये ईसीपीआरआय हा नवा करार आला आणि त्यात गणिताचा काही भाग पुन्हा टॉवरवर चढवण्याची मुभा मिळाली. आकडे कमी झाले, २५ गिगाबिटच्या जोडणीत बसू लागले. पण टोक साधे ठेवायचे हा मूळ उद्देश तिथेच सैल पडला. आज टॉवरवरचे पॅनेल वजनदार आहे, तापते, बरीच वीज खाते आणि बिघडले तर माणसाला वर चढावे लागते.

याच कोंडीमुळे गेल्या काही वर्षांत संशोधक पुन्हा जुन्या, आकडे न करणाऱ्या पद्धतीकडे पाहू लागले आहेत. तिथे १०० मेगाहर्ट्झचा पट्टा फायबरमध्येही १०० मेगाहर्ट्झचीच जागा घेतो. ६४ अँटेनांचे ६४ पट्टे शेजारीशेजारी मांडले तरी एका लेसरला झेपतील. तिचे दुखणेही जुनेच आहे. टॉवरच्या अगदी जवळचा फोन आणि दीड किलोमीटरवरचा फोन एकाच वेळी बोलतात तेव्हा पहिल्याचा आवाज दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा असतो. दोन्ही एकाच लेसरवर बसवताना मोठ्याने लेसर विकृत होऊ नये आणि लहान लेसरच्या स्वतःच्या गोंगाटात बुडू नये, ही तारेवरची कसरत आहे. आकड्यांच्या पद्धतीत वाटेत संकेत पुन्हा कोरा करता येतो, इथे झालेली विकृती शेवटपर्यंत सोबत येते. म्हणून अख्खे शहर आकडे न करता चालवणे अवघड, पण इमारती, बोगदे, क्रीडांगणे यांना ही पद्धत चपखल बसते, आणि यापुढेही बसेल असे मानायला जागा आहे.

वारंवारता आणखी वाढवली की काचेचाच एक दोष पुढे येतो. मिलिमीटर लहरींचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात सुमारे ५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर प्रयोग केले होते. अशी लहर प्रकाशावर चढवली की मूळ प्रकाशाच्या दोन्ही बाजूंना दोन नवे प्रकाशघटक तयार होतात, एक किंचित मोठ्या तरंगलांबीचा, एक किंचित लहान. काचेत वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जातात. त्यामुळे १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर चढवलेला ६० गिगाहर्ट्झचा संकेत नेहमीच्या फायबरमध्ये साधारण एक किलोमीटरवर पोहोचतो तेव्हा या दोघांची लय नेमकी उलटी झालेली असते आणि ते एकमेकांना पुसून टाकतात. प्रकाश भरपूर येतो, त्यात रेडिओ नसतो. गंमत म्हणजे दोन किलोमीटरवर संकेत पुन्हा उगवतो आणि तीन किलोमीटरवर पुन्हा नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे दोघांपैकी एक घटक आधीच गाळून टाकणे.

दुसरा उपाय अधिक देखणा आहे. एकाच धाग्यातून दोन लेसर पाठवायचे आणि त्यांच्या वारंवारतांत हव्या त्या रेडिओ लहरीएवढाच फरक ठेवायचा. फोटोडायोडवर दोन्ही पडले की त्या फरकाच्या वारंवारतेचा प्रवाह आपोआप निर्माण होतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५००० मीटर उंचीवर, आल्मा ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिथे सगळ्या अँटेनांना एकाच तालावर ठेवणारी उच्च वारंवारतेची संदर्भलहर याच रीतीने फायबरमधून पोहोचवली जाते. तापमान बदलले की धाग्याची प्रकाशीय लांबी बदलते आणि ताल बिघडतो. म्हणून अँटेनाकडून थोडा प्रकाश परत पाठवून फरक मोजतात आणि धागा किंचित ताणून किंवा सैल सोडून तो भरून काढतात. काचेच्या धाग्याला सतत ताणत-सोडत बसणारे यंत्र ही कल्पना विचित्र वाटते, पण ते काम रोज बिनबोभाट चालते.

जपानमध्ये नारिता विमानतळावर याच तंत्राची वेगळी परीक्षा झाली. धावपट्टीवर पडलेला धातूचा छोटा तुकडा किती घातक ठरतो हे जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड कोसळले तेव्हा जगाने पाहिले. एका आधीच्या विमानातून गळून पडलेल्या पट्टीने त्याचे टायर फाडले होते. नारिताच्या चाचण्यांत ९० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली छोटी रडार धावपट्टीच्या कडेने बसवून त्यांना लागणारा संकेत एकाच ठिकाणाहून फायबरने पुरवला गेला.

भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही त्याच वर्षीच्या लिलावात विकला गेला. त्या पट्ट्याचा पल्ला काही शे मीटरचा. तो वापरायचा तर अँटेना गल्लोगल्ली लागणार आणि प्रत्येकीपर्यंत फायबर लागणार. आपली खरी अडचण इथे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाने ७० टक्के टॉवर फायबरने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, कारण तेव्हा जेमतेम एक तृतीयांश टॉवरांपर्यंत फायबर पोहोचले होते. उरलेले टॉवर मायक्रोवेव्हवर चालत होते, टॉवरच्या अंगावर बसवलेल्या त्या गोल पांढऱ्या डब्या म्हणजे मायक्रोवेव्हच्या अँटेना. ग्राहकांचा डेटा त्या निभावून नेतात, पण सीपीआरआयच्या आकड्यांचा पूर त्यांना पेलत नाही. म्हणजे फायबर नाही तिथे टोक साधे ठेवण्याच्या या सगळ्या युक्त्या कागदावरच राहतात.

आणि जिथे फायबर आहे तिथे जेसीबी आहे. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, गटार, मेट्रोचा खांब, काहीही करायचे तर खणणे आले. तुटलेला धागा जोडायला खड्ड्याच्या कडेला बसलेली माणसे शहरात नेहमी दिसतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या रंगक्रमाने धागे वेगळे करायचे, वरचे आवरण सोलायचे, टोक क्लीव्हरने सरळ कापायचे आणि स्प्लाइसिंग मशीनमध्ये विजेच्या ठिणगीने दोन काचा वितळवून एक करायच्या. चांगला जोड ०.०५ डेसिबलहून कमी खातो. त्या जोडाला काही मिनिटे पुरतात, पण केबल नेमकी कुठे तुटली ते शोधणे आणि पुन्हा खणायची परवानगी मिळवणे यात दिवस जातात. खणण्यापूर्वी संबंधित कंपन्यांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. केबल टाकण्याच्या वाटहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. ते कितपत पाळले जातील हे नगरपालिकांच्या आणि ठेकेदारांच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र सर्वसामान्यांच्याही हातात आहे. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी बिल्डरच्या नकाशावर सही करण्याआधी तळघरापासून गच्चीपर्यंत फायबरसाठी स्वतंत्र डक्ट आणि प्रत्येक मजल्यावर रिमोट युनिटपुरती जागा व विजेची सोय मागून घ्यावी. बांधकाम चालू असताना तिचा खर्च नगण्य असतो. इमारत उभी राहिल्यावर त्याच कामासाठी भिंती फोडाव्या लागतात.